दुसऱ्या टोकाला कोण

३ तारीख, सोमवार

ही वही खरं तर माझी नाही. मावशीच्या उबवणी केंद्रातली जुनी नोंदवही आहे, पानापानावर वेळ, तापमान, ओलावा आणि सही असे चार रकाने छापलेले. मी रकाने ओलांडून आडवं लिहितेय. मावशीने ते पाहिलं आणि म्हणाली, तुझं सगळं आयुष्यच रकान्याबाहेर, ते ठीक आहे, पण वहीने तुझं काय घोडं मारलंय?

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती मला भिंगरी म्हणते आणि आता इथे सगळेच म्हणतात. नाव चुकीचं नाही. कॉलेज दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं. मग फोनदुरुस्तीचं दुकान, मग मालवाहू जहाजावर सात महिने तिथले संगणक सांभाळायला, मग छापखाना, मग एका माणसाबरोबर मधमाश्यांच्या पेट्या घेऊन फिरणं. तो मधमाश्यांशी जास्त बोलायचा, माझ्याशी कमी. आता इथे एकवीस दिवस. पिल्लं बाहेर आली की मीही बाहेर. किनाऱ्यावरचा एक बोटवाला ओळखीचा झालाय, त्याला इंजिनाजवळ बसणारं कुणीतरी हवंय.

आज यंत्रात तीनशे साठ अंडी ठेवली. यंत्र म्हणजे कपाटाएवढी, काचेच्या दाराची उबदार खोली. अंडी ठिपकेवाल्या कोंबड्यांची. ही जात मावशीने बारा वर्षं निवडून निवडून वाढवलीय, दुसऱ्या कुणाकडे नाही. या कोंबड्या आता म्हाताऱ्या झाल्यात. दहा दिवस एकेक करून ही अंडी गोळा केली आणि गेल्या आठवड्यात त्यांनी देणंच थांबवलं. म्हणजे ही शेवटची खेप. यातून पिल्लं निघाली तर जात पुढे चालली, नाही तर संपली. मावशीने मला हे बसची वेळ सांगावी तशा आवाजात सांगितलं आणि ट्रे सरकवताना मात्र श्वास धरून होती.

४ तारीख, मंगळवार

आज पेटी उघडून पाहिली. यंत्राच्या बाजूला भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे, तीत एक छोटा संगणक. तो रेडिओकाकांनी बनवलाय. काका म्हणजे मावशीच्या मैत्रिणीचे मोठे भाऊ. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग असल्या पेट्या बनवू लागले. आता मुलाकडे राहतात, गुडघे धरलेत, फोनवर मात्र कधीही हजर.

पेटीत चार प्रोग्राम. पहिला दर दहा सेकंदांनी तापमान आणि ओलावा वाचतो आणि बाकीच्यांना सांगतो. दुसरा ते ऐकून हीटर चालू-बंद करतो. तिसरा दर तासाला ट्रे कलते करतो, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. चौथा काही बिघडलं तर घंटा वाजवतो. तिघेही पहिल्याच्या तोंडाकडे बघून चालतात. हे बोलणं होतं सॉकेटमधून. सॉकेट म्हणजे लहानपणी दोन डबे आणि दोरा घेऊन केलेला फोन, फक्त दोन्ही डबे एकाच घरात. दोरा कुणाला दिसत नाही, तो कर्नलच्या हातात. कर्नल म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या खाली बसलेला कारभारी. कुणाला किती जागा, कुणाची पाळी कधी, कुणाचा निरोप कुणाकडे, सगळं तोच बघतो.

हे सगळं वाचता वाचता दुपार झाली आणि माझं लक्ष उडालं. शेजारच्या खोलीत एक स्क्रीन रिकामी लटकत होती. मी त्यावर एक कोंबडी बनवली. तापमान बरोबर असलं की ती डोळे मिटून बसते, कमी झालं की पिसं फुगवते, जास्त झालं की चोच उघडून धापा टाकते. त्यासाठी पाचवा प्रोग्राम लिहिला आणि पहिल्याला सांगितलं, यालाही कळवत जा. मावशी अर्धा तास तिच्यासमोर उभी होती. कामाला आल्यापासून मी केलेली ही पहिली गोष्ट, आणि कुणी मागितलेली नव्हती.

८ तारीख, शनिवार

तीन दिवस काही लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणजे सगळं छान होतं. आज नाही.

सकाळी मोजणीबाई अंडी तपासायला बसल्या. त्या इथे पंधरा वर्षं आहेत, खरं काम अंडी तपासायचं. खोली अंधारी करायची, एकेक अंडं छोट्या दिव्यावर धरायचं, आत लाल रेषांचं जाळं दिसलं तर जिवंत. स्क्रीन त्याच खोलीत असल्यामुळे त्यांनी माझी कोंबडी बंद केली. म्हणाल्या, उजेड तर येतोच, वर ती माझ्याकडे टक लावून बघते. मला थोडं लागलं, पण अंधार लागतो हे खरं.

साडेअकराला मावशी सहज यंत्राजवळ गेली आणि तिच्या लक्षात आलं की ट्रे तासाभरापूर्वी होते तसेच कलून आहेत. हीटर बंद. आतलं काचेचं तापमापक साडेछत्तीसवर, पाहिजे साडेसदतीस. घंटा गप्प. पेटीचा हिरवा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता. मी पेटी बंद करून चालू केली आणि सगळं पूर्ववत झालं. काय झालं होतं ते कळायला काही मार्गच उरला नाही, कारण बंद केल्यावर पेटी सगळं विसरते.

मावशी म्हणाली, पेटी लावल्यापासून अडीच वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. जुनं झालं की होतं असं, मी सांगितलं. मोठ्या अनुभवी आवाजात.

१० तारीख, सोमवार

पुन्हा. या वेळी हीटर चालू असताना अडकलं, म्हणजे जास्त वाईट. मोजणीबाई आत दिव्यावर अंडी बघत होत्या, मी बाहेर एका खारीच्या मागे गेले होते (तिने माझी पेन्सिल पळवली, खरंच). मावशीने दार उघडून पुठ्ठ्याने वारा घातला. अडतीस पूर्णांक सहा. आणखी एक अंश चढला असता तर मोजणीबाईंना तपासायला काही उरलं नसतं.

मावशी ओरडली नाही. ती अंड्यांना म्हणाली, झालं हं, झालं आता. मी पेन्सिलीबद्दल काही बोलले नाही.

११ तारीख, मंगळवार

रेडिओकाकांना फोन केला आणि स्पष्टच सांगितलं की तुमच्या जुन्या कोडमध्ये कुठेतरी घोळ आहे. ते म्हणाले, असेल पोरी, बघतो. त्यांनी जुने कागद काढलेत म्हणे.

तोवर आम्ही तिघींनी पाळ्या लावल्यात. दर वीस मिनिटांनी कुणीतरी काचेचं तापमापक बघायचं. माझी पाळी मोजणीबाई घड्याळ लावून देतात, कारण एकदा मी वीस मिनिटांच्या मध्ये कुंभारमाशीचं मातीचं घर बघत बसले होते.

१२ तारीख, बुधवार

तिसऱ्यांदा. मोजणीबाई आत अंडी तपासत होत्या. आज लवकर सापडलं, काही बिघडलं नाही. मी म्हटलं, दर तासाला पेटी आपोआप बंद-चालू करू, प्रश्नच मिटला. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं जसं लहान मुलाने ताप आला म्हणून तापमापक लपवलं असावं.

संध्याकाळी काकांचा फोन. दोन दिवस कागद पाहिले, चूक सापडत नाही. आवाज थकलेला होता. मग आम्ही बराच वेळ बोललो आणि त्यात मला पहिल्यांदाच कळलं की प्रश्न कुठे आहे. पेटी अडकते तेव्हा कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असतं. कोण कुणाची, एवढं कळलं की झालं. आता पेटीला विचारलं तर ती सॉकेटची यादी देते: नंबर, नाव, जोडलेलं की नुसतं कान लावून बसलेलं. पण दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, आणि दोऱ्यात किती निरोप न वाचता पडलेत, हे त्या यादीत नाही.

काका म्हणाले, "कर्नलला माहीत असतं. तोच नेऊन देतो ना निरोप. फक्त त्याला कुणी विचारलं नाही म्हणून तो सांगत नाही."

मग विचारू या, मी म्हटलं. ते म्हणाले, बाहेरून नाही विचारता येत, आत जाऊन त्याच्या तोंडात शब्द घालावे लागतील. मी कर्नलच्या आत कधी गेले नव्हते. जहाजावर एकदा एकाने दाखवलं होतं, पण तेव्हा बाहेर देवमासा दिसला.

सुटी पेटी, काकांनी जादा म्हणून दिलेली, स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलीय. अंड्यांच्या पेटीला आधी हात लावायचा नाही, अशी काकांनी शपथ घातली.

१३ तारीख, गुरुवार

काय दिवस होता. सकाळपासून खुर्चीत बसून आहे आणि एकदाही उठावंसं वाटलं नाही. मोजणीबाई दोनदा येऊन बघून गेल्या की बरं आहे ना.

कर्नलच्या आत सगळं इतकं नीटनेटकं असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक सॉकेटची एक जागा, त्यात त्याचा नंबर, त्याची अवस्था, आणि खरोखरच, समोरच्याचा पत्ता. इतके दिवस तिथेच पडून. मी एक छोटं फंक्शन लिहिलं. एकेक सॉकेट घ्यायचं, नंबर लिहायचा, समोरच्याकडे जायचं, त्याचा नंबर लिहायचा, पुढे. सुट्या पेटीवर दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलायला लावले आणि अहवाल मागितला. दोन ओळी आल्या. एकीत लिहिलेलं होतं की समोर दुसरी, दुसरीत की समोर पहिली. मी मावशीला हाक मारून दाखवल्या. ती म्हणाली, दोघींनी एकमेकींची नावं बरोबर सांगितली, साक्ष पटली.

मग मी गंमत म्हणून दोघांतल्या एका प्रोग्रामला ऐन वेळी मारलं, म्हणजे बंद पाडलं, आणि अहवाल मागितला. पेटी जागच्या जागी मेली. दिवासुद्धा नाही.

काका फोनवर हसले. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. "तू समोरच्याच्या घरी गेलीस, पण तू दार वाजवेपर्यंत तो घर सोडून गेला. रिकाम्या घरात पाय टाकलास आणि खाली जमीनच नव्हती."

उपाय कुलूप. समोरचा आहे का ते बघण्याआधी त्याच्या जाण्याच्या वाटेवर कुलूप लावायचं, नंबर लिहायचा, कुलूप काढायचं.

१४ तारीख, शुक्रवार

कुलूप लावलं आणि नवीन घोळ घातला. मी कुलूप लावल्यावर आतच बसून सगळी ओळ नीट मांडून, सजवून लिहीत होते. तेवढा वेळ कुणालाच हलता येईना. पेटी मेली नाही, पण चिखलातून चालल्यासारखी. काकांचं म्हणणं, अहवाल देणाऱ्याने पाहुण्यासारखं वागावं: बघावं, टिपावं, निघावं. कुलुपाच्या आत फक्त नंबर घ्यायचा. मांडणी बाहेर येऊन.

दुपारपर्यंत जमलं. आणखी एक गोष्ट शिकले. जे सॉकेट जोडलेलं आहे, त्याच्या ढिगात न वाचलेले निरोप असतात. जे नुसतं कान लावून बसलंय, त्याच्या ढिगात दाराबाहेर उभे असलेले लोक असतात. आकडा तोच, अर्थ वेगळा. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहायचं ठरवलं. काका म्हणाले, हे तुला कुणी सांगितलं? कुणी नाही, म्हटलं, दोन्ही एकत्र लिहिलेलं बघून माझाच गोंधळ झाला. त्यावर ते म्हणाले, मला चाळीस वर्षांत असा शिष्य मिळाला नाही ज्याला स्वतःचा गोंधळ झालेला कळतो.

सुट्या पेटीवर शंभर प्रोग्राम सोडले, एकमेकांशी बोलणारे, मध्येच मरणारे, उगाच दार वाजवणारे. वर अहवाल दर सेकंदाला. तीन तास. पेटी गाणं म्हणत चालावी तशी चालली. मी स्वयंपाकघरात नाचले, मोजणीबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, एवढं कशाला ते सांग, म्हणजे मीही नाचते. मी सांगितलं. त्या नाचल्या नाहीत, पण टाळी दिली.

१५ तारीख, शनिवार

नवीन कर्नल अंड्यांच्या पेटीत घालायचा तर पेटी चार मिनिटं बंद ठेवावी लागणार. मी दोनदा विचारलं, चालेल ना? मावशी म्हणाली, कोंबडीसुद्धा दिवसातून उठते दाणा खायला, अंडी थोडीच रुसतात. मग बंद केली. मावशीने दारावर दोन गोधड्या टांगल्या आणि पेटी चालू होईपर्यंत त्यांच्यावर हात ठेवून उभी राहिली.

साडेतीन मिनिटांत चालू झाली. अहवाल मागितला. खऱ्या पेटीतली खरी सॉकेटं, एकेक ओळ, प्रत्येकीच्या पुढे समोरच्याचा नंबर. सगळे ढीग शून्य. म्हणजे सगळे एकमेकांचं ऐकतायत. मी ती ओळ न् ओळ या वहीच्या रकान्यांत उतरवली. रकाने पहिल्यांदा उपयोगी पडले.

आता अडकायची वाट बघायची. विचित्र आहे, पण मला वाटतंय अडकावं.

१७ तारीख, सोमवार

अडकलं. पावणेबारा. मावशी काचेपाशी, मोजणीबाई अंधाऱ्या खोलीत, मी पेटीसमोर. मावशीने ट्रे हाताने कलते करायला घेतले आणि मी पेटी बंद न करता अहवाल मागितला.

पहिल्या प्रोग्रामचं एक सॉकेट. जोडलेलं. लिहायला जागा नाही. समोर कोण, तर नंबर ४१७. त्या ४१७च्या ढिगात निरोप तुडुंब, एकही वाचलेला नाही. बाकी सगळे शून्य. पहिला प्रोग्राम सभ्यपणे थांबलाय, की समोरच्याने थोडं वाचावं, जागा व्हावी, मग मी पुढचं लिहीन. आणि तो थांबला म्हणून हीटर थांबला, ट्रे थांबले, घंटा थांबली.

सापडला, सापडला असं मी ओरडत होते. मग ४१७ कुणाच्या हातात आहे ते बघितलं.

कोंबडी.

माझी कोंबडी. बाई अंडी बघायला बसतात तेव्हा स्क्रीन बंद होते. स्क्रीन बंद झाली की माझा प्रोग्राम ती उघडायची वाट बघत थांबतो, आणि थांबला की वाचत नाही. बाईंना तासाहून जास्त लागलं की ढीग भरतो. आठ तारखेला, दहाला, बाराला, आज. चारही दिवशी अंडी तपासली होती. हे सगळं या वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच हाताने.

मी कोंबडी बंद केली. पुढच्या क्षणी पहिला प्रोग्राम हलला, हीटर टकटक करून चालू झाला. पेटी बंदसुद्धा करावी लागली नाही. मावशीने विचारलं, मिळालं का? मी म्हटलं, मिळालं, काढलं. ती म्हणाली, शहाणी ग माझी बाय, आणि दोन्ही हातांनी माझे गाल दाबले.

मी काय काढलं ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

१८ तारीख, मंगळवार

यंत्र झकास चाललंय. सगळ्या ओळी शून्य. मी दर अर्ध्या तासाने बघतेय, गरज नसताना.

मावशी फोनवर कुणाला तरी सांगत होती, माझ्या भाचीने कर्नलमध्ये जाऊन दुरुस्ती केली. कर्नल म्हणजे काय ते तिला माहीत नाही, पण शब्द तिला आवडलाय. मोजणीबाईंनी विचारलं कोंबडी का दिसत नाही. मी म्हटलं, तुम्हालाच टक लावून बघायची ना. त्या म्हणाल्या, सवय झाली होती ग.

काकांचा फोन आला तो उचलला नाही. दोन दिवस त्यांनी कागद चाळले, माझ्या एका वाक्यावर.

उद्या सांगते. किंवा पिल्लं निघाल्यावर. पिल्लं निघाल्यावर मी निघणारच आहे, मग एका पत्रात लिहून ठेवता येईल. बोटवाल्याचा निरोपही येऊन पडलाय, वाचायला वेळ मिळाला नाही.

१९ तारीख, बुधवार

सांगितलं.

मावशी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी आधी दुसऱ्याच चार गोष्टी बोलले. मग सगळं एका दमात. की पेटीत काही बिघाड नव्हता, तू न सांगता मी केलेल्या कोंबडीमुळे तुझी अंडी चारदा मरायला टेकली, आणि मी काकांवर आळ घेतला.

ती दाणे टाकत राहिली. एक म्हातारी ठिपकेवाली तिच्या पायावर उभी होती. बऱ्याच वेळाने तिने टोपली खाली ठेवली.

"हे तुला कुणी दाखवलं?"

"कुणी नाही. अहवालात आलं."

"म्हणजे तू एवढे दिवस राबून जे यंत्र बनवलंस, त्याने पहिल्यांदा तुझंच नाव सांगितलं."

हो म्हटलं. तिला हसू आवरेना. कोंबड्या बिचकून पळाल्या. मी रडायच्या बेतात होते आणि ती भिंतीला टेकून हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली, मला राग यायला हवा, तो येईलही नंतर, आठवण कर. आणि मग विचारलं, ती कोंबडी परत लावता येते का, झोपली तरी कान उघडे ठेवणारी?

मग काकांना फोन. त्यांना सांगणं अवघड गेलं. ते म्हणाले, म्हणजे कागदांत चूक नव्हती. नव्हती, म्हटलं. मग त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. पण अर्धी माझी आहे, म्हणाले. समोरचा वाचत नसेल तर त्याचा नाद सोडून पुढे जायला पहिल्या प्रोग्रामला मी शिकवायला हवं होतं. तो माझ्यासारखा, समोरच्याने ऐकलंच पाहिजे म्हणून अडून बसणारा.

दुपारी दोघांनी मिळून दोन्ही दुरुस्त केलं. ढीग भरला तर आता पहिला प्रोग्राम तो निरोप टाकून पुढे जातो. कोंबडी स्क्रीन बंद असली तरी वाचत राहते. संध्याकाळी मोजणीबाईंनी मुद्दाम दोन तास स्क्रीन बंद ठेवून बघितली. काही झालं नाही. त्या म्हणाल्या, आता बघू दे तिला टक लावून.

मावशीचा राग सहाच्या सुमाराला आला. दहा मिनिटं बोलली. सगळं खरं होतं.

२१ तारीख, शुक्रवार

अठरावा दिवस. आता ट्रे कलवायचे नाहीत. अंडी खालच्या टोपल्यांत आडवी ठेवली, ओलावा वाढवला. मोजणीबाईंनी शेवटची तपासणी केली: तीनशे साठपैकी तीनशे एक जिवंत. मी विचारलं की माझ्यामुळे किती गेली. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत एवढी रिकामी निघतातच, तू तुझा हिशेब दुसरीकडे कर.

एक अंडं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि दिव्यावर धरायला लावलं. आत सगळं काळं, वर फक्त हवेच्या पोकळीचा चंद्र. आणि त्या चंद्रात चोचीची सावली एकदा हलली. मी अंडं परत देईना. त्यांना ते बोटं उलगडून घ्यावं लागलं.

२३ तारीख, रविवार

सकाळी पहिल्या अंड्याला टोच पडली. दुपारपर्यंत अकरा.

मी दार न उघडता काचेला कान लावून बसलेय. आतून आवाज येतो. अंडी फुटण्याआधीच पिल्लं बोलतात. एक चिवचिवतं, थांबतं, मग दुसऱ्या टोपलीतलं उत्तर देतं. मोजणीबाई म्हणाल्या, ती एकमेकांना उठवतात, म्हणून सगळी जवळजवळ एकाच वेळी निघतात. पंधरा वर्षांत त्यांना हे इतकं साधं झालंय की त्या सांगताना झाडू मारत होत्या. मी त्यांना म्हटलं, थांबा, परत सांगा.

आज दुसऱ्या कुठल्याच गोष्टीकडे लक्ष गेलं नाही. खार आली होती म्हणे.

२४ तारीख, सोमवार

दोनशे चौऱ्याहत्तर.

पहाटेपासून टोपल्या हलत होत्या. ओली, चिकट, कुरूप पिल्लं बाहेर पडायची, आडवी व्हायची, आणि तासाभरात फुगून गोळा. पाठीवर ठिपके. प्रत्येकाच्या. मावशी एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवत होती आणि आकडे मोठ्याने म्हणत होती, मध्येच विसरायची आणि मोजणीबाई पुढचा आकडा सांगायच्या. दोनशेच्या पुढे मावशीचा आवाज गेला, मग नुसत्या बाई मोजत होत्या.

दहा वाजता काकांना फोन केला. सांगितलं, दोनशे चौऱ्याहत्तर, मावशीच्या आजवरच्या कुठल्याही खेपेत म्हाताऱ्या कोंबड्यांचं इतकं चांगलं झालं नव्हतं. त्यांनी पेटीचं विचारलं. अहवाल वाचून दाखवला, सगळ्या ओळी शून्य. ते बरं म्हणाले. मग जरा अडखळत विचारलं, पिल्लांचा आवाज येतोय का तिथे? पेट्या त्यांनी आयुष्यभर घरातल्या टेबलावर बनवल्या आणि पार्सलने पाठवल्या. उबवणीचं यंत्र त्यांनी चालू असलेलं कधी पाहिलंच नाही.

मी फोन टोपलीजवळ नेला. आतली सगळी एकदम बोलत होती, कोण कुणाशी ते सांगता यायचं नाही. बराच वेळ पलीकडून काहीच नाही. मला वाटलं कट झाला. काका, आहात ना, मी विचारलं.

"फोन ठेवू नकोस, पोरी."

मी ठेवला नाही. हात भरून आला तेव्हा एक ट्रे उपडा घातला, त्यावर फोन पिल्लांकडे तोंड करून ठेवला आणि मी मावशीबरोबर पाणी पाजायला गेले. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याला कळतं. दोनशे चौऱ्याहत्तर चोची. परत आले तेव्हा साडेबारा वाजले होते. फोन चालूच होता, आणि पलीकडे काका कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते की टीव्ही बंद कर, ऐकू येत नाही.